मुरलेला तंबाखू



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखाद्या संपाचा नाही तर प्रतिसरकारचा इतिहास असावा. ज्याची तीस वर्षे कामगार संघटनेत गेली, त्याने दुसरे काय बोलावे? मी मात्र विषय कळविला तो तंबाखू मुरविण्याचा. चालकांपैकी एक सद्गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे व्यसनमुक्तीवर का?" तसेही नाही. तंबाखू कोणी, कशात कालवला, किती दिवस मुरू दिला, आणि कालवणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, एवढीच हकीकत मला सांगावयाची आहे. माझी शाळा नववीत सुटली. जे काही वाचले ते साताऱ्याच्या आणि सांगलीच्या नगर वाचनालयांत बसून, संघटनेच्या कामातून उरलेल्या वेळात वाचले. तेव्हा विद्वान श्रोत्यांनी चुका पोटात घालाव्यात.

हा विषय माझ्यापुढे आणून ठेवला तो एका पोराने. २०१८ सालची गोष्ट. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा आमचा एक सभासद रात्री धावत संघटनेच्या कचेरीत आला. त्याचा विशीतला मुलगा भडाभडा ओकत होता, अंगाला घाम सुटला होता, हात कापत होते. काय खाल्ले म्हणून विचारावे तर काहीच नाही. आम्ही त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले आणि सकाळी तो उठून बसला. मग उलगडा झाला. बॅटरीवर चालणाऱ्या नळीतून जी वाफ ओढतात, तिच्यासाठी लागणारे पातळ द्रव्य हा मुलगा घरीच तयार करीत असे. त्यासाठी आणलेला निकोटिनचा कडक अर्क त्याच्या हातावर सांडला. त्याने तो फडक्याने पुसला आणि हात न धुता तसाच कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. कपाटाच्या तळखणात, कपड्यांच्या घडीमागे, बोटाएवढ्या दहा-बारा बाटल्या उभ्या होत्या. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. मी एक उचलणार, तोच तो म्हणाला, "हलवू नका काका, मुरत ठेवलंय."

"लोणचं हाय व्हय रे?"

"न्हाई ओ, ज्यूस हाय. आंब्याचा चार दिसांत मुरतोय. ह्यो कॉफीचा, ह्याला दोन-तीन आठवडं लागत्यात."

संध्याकाळी घरी येऊन मी हे सारे आईला सांगितले. त्या वेळी तिने ऐंशी ओलांडली होती. नळी नाही, बाटली नाही, यांतले काहीच तिने आयुष्यात पाहिलेले नव्हते. वाफेची गोष्ट तिने अर्धीमुर्धीच ऐकली, पण हातावर सांडले आणि मग ओकला, एवढे कानी पडताच म्हणाली, "तंबाखू लागला त्येला. गुळाचा खडा द्याचा आनि हात धुवाय लावाचं." डॉक्टरांना निदान करायला रात्र लागली होती. माझ्या आईला हे कोठून कळले, याचा शोध घेता घेता मी बराच मागे गेलो. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम त्या ज्यूसची कृती थोडक्यात सांगितली पाहिजे. त्यात मुख्य दोन पातळ द्रव्ये. एक ग्लिसरीन, जे आपण ओठांना लावतो. त्याने वाफ दाट होते. दुसरे प्रॉपिलीन ग्लायकॉल. ते वास आणि चव धरून ठेवते. त्यांत निकोटिनचा अर्क आणि आंबा, पान, कॉफी, दालचिनी अशा कृत्रिम सुगंधांचे थेंब. सारे हलवून एकजीव करावयाचे आणि उजेडापासून दूर ठेवून द्यावयाचे. पहिल्या दिवशी त्याला औषधी, तिखट दर्प असतो; मग हळूहळू वास एकमेकांत मिसळतात. निकोटिनला हवा लागते तसतसा पाण्यासारखा स्वच्छ रस पिवळसर होतो आणि पुढे तपकिरी. ही वाफेची नळी होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास प्रचारात आणली आणि दहा-पंधरा वर्षांत ती जगभर पसरली. विलायत-अमेरिकेत घरी ज्यूस कालवणाऱ्या हौशी लोकांचा एक मोठा वर्गच तयार झाला. मुलगा मला हे फार अभिमानाने सांगत होता. आपण काही अगदी नवे करतो आहोत अशी त्याची समजूत होती, आणि ती दूर करावी म्हणूनच मी त्याला विजापूरची गोष्ट सांगितली.

मिरज, कऱ्हाड, वाई हा आपला सारा मुलूख त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. अकबराच्या दरबारातला असदबेग नावाचा एक सरदार वकील म्हणून विजापुरास गेला. तेथे त्याने तंबाखू पाहिला. उत्तरेत तोपर्यंत त्याने असले काही पाहिलेले नव्हते. विजापुरात तो पोर्तुगीजांच्या व्यापारातून आलेला. असदबेगाने तंबाखू आणि एक जडावाची सुंदर नळी बरोबर घेतली आणि १६०४-०५ च्या सुमारास आग्र्यास बादशहापुढे ठेवली. अकबराने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. हकीम मोठ्या चिंतेत पडला. आमच्या ग्रंथांत ह्याचा उल्लेख नाही, न पारखलेले औषध हुजुरांनी घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. असदबेगाचे उत्तर असे, की जगातली प्रत्येक चाल कधी तरी नवीच होती. फिरंगी वैद्य काही मूर्ख नाहीत. वाद रंगला. अकबराने पुढे तो घेतला नाही. पण सरदारांनी मागणी केली, व्यापाऱ्यांनी माल आणला, आणि थोड्याच दिवसांत तंबाखू सगळीकडे झाला. १६१७ मध्ये जहांगीराने मनाई हुकूम काढला. तो कितपत पाळला गेला, हे आपण आजूबाजूला पाहून ओळखू शकता. ही हकीकत खुद्द असदबेगाने लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना मला राहून राहून वाटते, की हकीम आणि सरदार यांचा तो वाद चारशे वर्षे झाली तरी संपलेला नाही. फक्त ज्याने आग्र्यास जाऊन तो तंबाखू कुटला आणि चिलमीत भरला, त्याचे नाव असदबेग देत नाही.

कोरडा तंबाखू ओढला तर घसा सोलतो. म्हणून हुक्क्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या गुडगुडीच्या, तंबाखूत गूळ किंवा काकवी घालण्याची रीत पडली, त्याचाच गुडाखू. पान कुटून त्यात गूळ कालवावा, पिकलेल्या फळाचा गर, थोडे मसाल्याचे सुवासिक जिन्नस घालावे, मडक्यात भरून तोंड बांधावे आणि मुरू द्यावे. खमिरा म्हणतात त्या भारी प्रकारात हे मिश्रण चांगले आंबवीत, मडकी जमिनीत पुरूनही ठेवीत. गुळाने तंबाखू ओला राहतो, भडकन पेटत नाही, धूर गोड येतो. आमच्या कुपवाडच्या पोराचे ग्लिसरीन अगदी हेच काम करते. किंबहुना आजच्या शहरी हुक्क्याच्या तंबाखूत गुळाच्या पाकाबरोबर ग्लिसरीनही घालतात, म्हणजे दोन्ही पिढ्या एकाच मडक्यात नांदतात. सांगली ही गुळाची आणि हळदीची पेठ. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे जमिनीखाली राहत असे. जिन्नस दाबून ठेवला, की वास आणि भाव दोन्ही चढतात, हे आपल्या भागात कोणाला शिकवावे लागत नाही.

तपकिरीबद्दल फार सांगत नाही. पान भाजून, वस्त्रगाळ कुटून, तुपाचा हात लावून केलेली ही पूड शास्त्री-पंडितांच्या आणि कारकुनांच्या डबीत असे. तिची मराठी भाषेवर मात्र कायमची मोहोर उमटली आहे. एका रंगालाच आपण तिचे नाव दिले. मुरलेल्या बाटलीचा रंग पाहून मी मघाशी तपकिरी म्हटले, तेव्हा मुलाला त्या शब्दात तंबाखू आहे हे ठाऊक नव्हते.

आता ज्या पदार्थाकडे मला यावयाचे होते, तो पदार्थ. सभागृहातल्या वयस्क बायांना तो माहीत आहे आणि आज त्याचे नाव निघाले म्हणून त्यांतल्या काही जणी पदराआड हसतही आहेत. मशेरी. कोणी मिश्री म्हणतात, आमच्याकडे मिसरी. गुडगुडी वाड्यात होती, तपकीर पेढीवर होती; मशेरी चुलीपुढे होती. तंबाखू तव्यावर घालावयाचा, खालून जाळ द्यावयाचा, पान काळेभोर होईपर्यंत भाजावयाचे आणि हाताने चुरून किंवा वरवंट्याने वाटून डबी भरावयाची. बाजारातून विकत आणण्याची वस्तूच नव्हे ती. प्रत्येक घरची भाजणी निराळी. कमी भाजली तर जीभ चरचरते, फार भाजली तर निव्वळ कोळसा. भाजताना घरभर जो ठसका उठतो, त्याने आम्ही पोरे अंगणात पळत असू, आणि आई मात्र डोळे पुसत तव्यापाशीच बसलेली असे. सकाळी उठल्यावर पहिले बोट मशेरीचे. दात घासण्यासाठी, असे म्हणावयाचे. मग दुपारी एकदा, रानातून आल्यावर एकदा.

दात घासायला दिवसातून चार वेळा कोणी बसत नाही. मी एकदा मोठ्या धीराने आईला विचारले. ती म्हणाली, "पोटात पडाय काय नसलं, की ती तोंडात पडती." ह्यापुढे मी काही विचारले नाही. संघटनेच्या सभांना आलेल्या बायकांकडून हेच पुढे मी निरनिराळ्या शब्दांत ऐकले. कोणाची भूक मरते, कोणाचे अंग हलके होते, कोणाला सकाळी पोट साफ व्हायला ती लागते. बाईमाणसाने विडी ओढली तर गाव बोट दाखविते. दाताला लावले तर कोणी काही म्हणत नाही. घरोघरी जाऊन पुणे जिल्ह्यातल्या सुमारे एक लाख खेडुतांची एक मोठी पाहणी पूर्वी झाली होती. तीत शंभरातल्या जवळजवळ चाळीस बायका मशेरी लावणाऱ्या आढळल्या, आणि पुरुष शंभरात एकही भरला नाही. मला वाटते, ह्या आकड्यांत घराघरातल्या वाटणीचा इतिहास आहे.

ती निरुपद्रवी आहे हा मात्र भ्रम. भाजताना पान जळते, आणि जळण्यातून जी कर्करोगकारक द्रव्ये निघतात ती तिच्यात सापडली आहेत. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची एक पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या, आणि त्यांत बहुतेक मशेरी लावणाऱ्या, स्त्रियांची मुले सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे फार नव्हे असे कोणाला वाटेल. आधीच अर्धपोटी असलेल्या बाईच्या दोन-सव्वादोन किलोंच्या मुलातून ते वजा करून पाहावे.

आई निपाणीकडची. निपाणी आज कर्नाटकात आहे, पण कृष्णा, वारणा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या खोऱ्यांत विडीचा तंबाखू पिकतो, त्या पट्ट्याची ती पेठ. आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूरचा मालही ह्याच पट्ट्यातला. झाडाचा शेंडा खुडावयाचा, फुटवे काढावयाचे, म्हणजे सगळा कस पानात उतरतो. मग पान उन्हात वाळवून, कुटून, चाळून त्याचा जर्दा करावयाचा. वखारीत थप्पी लागली, की माल आतून तापतो, घाम धरतो, मुरतो. पुढे विडी-कारखानदार निपाणीचा कडक माल आणि गुजरातेतल्या चरोतरचा माल ठराविक प्रमाणात एकत्र करतो. ते प्रमाण म्हणजे त्याच्या छापाची किल्ली. ते तो कोणाला सांगत नाही. प्रमाण मालकाच्या वहीत राहते. खालीवर करण्याचे, चाळण्याचे, पाखडण्याचे काम बायकांच्या हातात.

त्या वखारींतून आईची पंधरा-सोळा वर्षे गेली. नवीन पोर कामावर आली, की पहिल्या आठवड्यात तिला भोवळ येई, ओकारी होई. जुन्या बायका घाबरत नसत. तिला बाहेर वाऱ्यावर बसवीत, गुळाचा खडा देत, चिंच चोखायला देत आणि म्हणत, "लागला तिला." पुष्कळ श्रोत्यांना 'सुपारी लागली' हा प्रयोग माहीत असेल, हा त्याचाच भाऊ. नाकातोंडाने धूळ जाते म्हणून त्या तोंडाला फडके बांधीत. पण त्यांचा आणखी एक कडक नियम होता: हात धुतल्याखेरीज भाकरीला हात लावावयाचा नाही आणि अंगावरचे पोर घ्यावयाचे नाही. पाणी नसेल तर राखेने, मातीने हात चोळावयाचे. तंबाखू कातडीतून आत जातो हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

हायडेलबर्गच्या पॉसेल्ट आणि राइमान ह्या दोघा तरुणांनी १८२८ मध्ये तंबाखूतून निकोटिन वेगळे काढले. ते जहाल आहे आणि कातडीतून झिरपते, हेही पुढे विद्वानांच्या जगात माहीत झाले. पण शेतात आणि वखारीत राबणाऱ्यांना त्याचे काय होते, हा प्रश्न पडायला फार काळ लोटला. गुजरातेतल्या तंबाखूच्या शेतांवरील मजुरांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी केली, ती एकोणिसशे सत्तरीच्या अखेरीपासून पुढे. चक्कर, ओकारी, डोकेदुखी, अशक्तपणा, हीच लक्षणे त्यांनी नोंदली. रबरी हातमोज्यांनी त्रास कमी होतो हेही दाखविले. ते अहवाल मी वाचले तेव्हा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. वखारीतल्या म्हाताऱ्यांना कोणी आधी विचारले असते तर?

सरकारचे लक्ष तंबाखूकडे नव्हते असे नाही. १९४३ साली, इकडे साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते त्याच वर्षी, इंग्रज सरकारने युद्धखर्चासाठी तंबाखूवर अबकारी कर बसविला. तेव्हापासून पानापानाची मोजणी, वखारींचे परवाने, कोठारांवर कुलपे. माल किती, याची खडान्‌खडा नोंद. विडी-कामगारांच्या कामाच्या स्थितीबद्दलचा देशव्यापी कायदा मात्र १९६६ साली आला. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एका कलमापाशी थांबलो. ज्या जागेत तंबाखूचे मिश्रण करतात किंवा तो चाळतात, तेथे मालकाने कामगारांना धुण्याची सोय दिली पाहिजे, असे त्यात होते. म्हणजे मिश्रणाचे काम आणि हात धुणे यांचा संबंध दिल्लीच्या कोणा तरी कायदेपंडितालाही समजला होता. १९७६ मध्ये कल्याणनिधीचे कायदे झाले. २०२० साली संसदेने व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याची जी संहिता केली, तिच्यात १९६६ चा तो कायदाही सामावून टाकण्यात आला. कायद्यांची गाठोडी बांधताना एखादे लहान कलम खाली सांडते, म्हणून आम्हा लोकांना गाठोड्याकडे फार लक्ष ठेवावे लागते.

निपाणीच्या बायका एकोणिसशे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या, ही आपल्या भागातली मोठी घटना होय. त्या पाठोपाठ तंबाखू पिकविणारे उठले. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी भावासाठी निपाणीपाशी पुणे-बंगलोर हमरस्ता अडविला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात १२ शेतकरी मेले. मी त्या वेळी शाळकरी पोर होतो. तंबाखूच्या भावासाठी माणसे मरतात, हे आठवले की व्यसनमुक्तीचे भाषण करणे मला अवघड जाते. ज्या विडीने आमच्या सभासदांचे नवरे खोकून खोकून मेले, त्याच विडीवर त्यांची चूल पेटत होती. संघटना चालविणाऱ्याला ह्या दोन्ही गोष्टी एकाच सभेत बोलाव्या लागतात, आणि कोणतीही एक बोलले की निम्मी सभा नाराज होते.

पुन्हा त्या बाटल्यांकडे वळू. मुलगा मला म्हणाला, "काका, ह्यात धूर नाही, राख नाही, सगळं खाण्यातलं सामान आहे." त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ च्या आपल्या अहवालात म्हटले होते, की अशा वाफेचा दूरवरचा अपाय सिगारेटच्या धुराच्या अपायाच्या शेकडा पाचांपलीकडे जाण्याचा संभव कमी. जुना विडीबाज विडी सोडण्यासाठी ती नळी ओढीत असेल, तर हा हिशेब त्याच्या उपयोगाचा आहे. ह्या पोराने आयुष्यात विडी ओढली नव्हती. त्याला आंब्याच्या वासाने तिकडे नेले होते.

आणि "खाण्यातले सामान" ह्या शब्दांवर मी त्याला अमेरिकेतल्या मक्याच्या लाह्यांची गोष्ट सांगितली. मिसूरी संस्थानात जॅस्पर नावाच्या गावी लाह्यांचा कारखाना होता. लाह्यांना लोण्याचा वास यावा म्हणून तेलात डायअ‍ॅसिटिल नावाचे द्रव्य असलेला सुगंध गरम करून मिसळीत. २००० साली तेथल्या आठ माजी कामगारांच्या फुफ्फुसांचा एक दुर्मिळ, बरा न होणारा रोग उघडकीस आला. बारीक श्वासनलिका कायमच्या आकसल्या होत्या. सर्वांत जास्त बाधा कोणाला? मिश्रण कालवणाऱ्यांना. तो सुगंध पोटात गेला तर कोणाला काही होत नव्हते. तोच श्वासात गेला आणि माणसे जन्माची अधू झाली. पुढे वाफेच्या कित्येक ज्यूसांतही तेच द्रव्य सापडले. २०१९ साली तर अमेरिकेत आणखी मोठा घात झाला. गांजाच्या अर्काच्या चोरट्या नळ्यांत कोणी दाटपणासाठी ई जीवनसत्त्वाचे तेलकट रूप मिसळले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ माणसे इस्पितळांत गेली किंवा दगावली, मेलेले ६८. तेही "खाण्यातलेच" होते.

त्याच २०१९ च्या सप्टेंबरात भारत सरकारने वटहुकूम काढून ह्या नळ्यांचे उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सर्व बंद केले आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. महाराष्ट्रात गुटखा २०१२ मध्ये बंद झाला होता, हुक्क्याची दुकाने २०१८ मध्ये. बंदीने दुकानाच्या काचेतला माल गेला, आणि ते चांगलेच झाले असे माझे मत आहे. पण आमच्या सांगलीत संध्याकाळी कोणत्याही टपरीवर उभे राहा: सुपारीचे काप, चिमूटभर तंबाखू, चुन्याचे दोन थेंब, प्लास्टिकच्या कागदात घालून खसाखसा चोळलेला मावा पोरांच्या खिशात जातच असतो. आणि मशेरी? घरी भाजतात तिला दुकान नाही, छाप नाही, जाहिरात नाही; म्हणून कोणत्याच हुकुमाला ती दिसत नाही. ह्या सगळ्या बंद्या झाल्या त्या विकणाऱ्यावर. तव्यापुढे बसलेल्या बाईजवळ जाऊन तिला भूक का मारावी लागते, हे विचारणारे खाते अद्याप निघालेले नाही.

त्या मुलाने बाटल्यांचे काय केले, हे आपण विचाराल. बंदीच्या आधीच त्याने तो नाद सोडला; कायद्याच्या भीतीने नव्हे, त्या रात्रीच्या ओकारीने. उरलेला अर्क मोरीत ओतू का, असे विचारायला तो आला होता. मी म्हटले, मोरी शेवटी कृष्णेत जाते. दवाखान्यात नेऊन दे. आता तो त्याच वसाहतीत कामाला आहे आणि संघटनेची वर्गणी वेळेवर देतो.

शेवटी एक आठवण सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी सीमेवरच्या एका वखारीत आम्ही बायकांच्या वतीने मागणीपत्र दिले. मजुरीवाढ, बोनस, हजेरीकार्ड हे सारे होतेच. आईच्या सांगण्यावरून मी त्यात शेवटचे कलम घातले, की चाळणीच्या जागेपाशी नळ आणि साबण हवा आणि जेवणाआधी हात धुण्यास दहा मिनिटे हवीत. मालकाच्या माणसाने ते वाचून विचारले, "साबण काय, संघटनेची मागणी असते का?" तीन बैठका झाल्या. मजुरी मागितली त्याच्या निम्मी वाढली. नळ मिळाला. साबण पहिले दोन महिने आला, पुढे बायकांनी आपापसांत पैसे घालून आणावयास सुरुवात केली. नळ बसला त्या दिवशी मी आईला घेऊन तेथे गेलो होतो. दुपारची घंटा झाली. बायका ओळीने आल्या, कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, सावलीत गोल करून बसल्या. मग भाकरी सोडण्याच्या आधी एकीने कनवटीची डबी काढली, बोट बुडविले आणि डबी पुढे सरकविली. ती फिरत फिरत आईपाशी आली. आईने माझ्याकडे एकदा पाहिले आणि डबी घेतली.